रिकाम्या हातांनी

मरळ मासळी हातातून निसटते. तिला आधी राख लावावी लागते. सरांच्या घरी राख नव्हती. मग सरांच्या बायकोनं, मॅडमनी, जाळीच्या दारातून जुनं वर्तमानपत्र पुढे केलं. मी मागच्या अंगणात, धुण्याच्या फरशीवर उकिडवी बसले होते. वर्तमानपत्रात मरळीचं डोकं घट्ट धरलं आणि विळीनं खवले काढायला लागले.

"इकडेच बस हं," मॅडम म्हणाल्या. "आत वास राहतो मग. आणि पाणी तिकडे नालीत टाक, तुळशीकडे नको."

"हो मॅडम."

"तुम्हा लोकांना सवय असते ना याची. मला तर बघवतही नाही."

मी एम.एस्सी. झाले होते. त्याच सरांच्या विभागातून. वर्गात दुसरी आले होते. त्या दिवशी मी सरांना एवढीच आठवण करून द्यायला गेले होते की माझं शिफारसपत्र अजून गेलेलं नाही.

पुढच्या खोलीत पाहुणे होते. माझ्याच वर्गातली, प्रकल्पात माझ्या जोडीला असलेली एक मुलगी आणि तिचे वडील. त्यांची गोंदियात राइस मिल आहे. ती सोफ्यावर बसली होती, मी अंगणातून बघितलं. तिच्या हातात सरबताचा ग्लास होता. सर लॅपटॉपवरून तिचं पत्र वाचून दाखवत होते. इंग्रजीत. मला इंग्रजी चांगलं कळतं, मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकले. सर वाचत होते की या विद्यार्थिनीनं उन्हातान्हात, कमरेइतक्या पाण्यात उतरून, तलावातल्या माशांचे नमुने स्वतः गोळा केले.

कमरेइतक्या पाण्यात मी उतरले होते. तो आमच्या गावचा तलाव होता. ती काठावर छत्री घेऊन बसली होती आणि मी ओरडून सांगितलेले आकडे लिहून घेत होती. ती वाईट मुलगी नाही. तिला पाण्याची भीती वाटते, एवढंच. पण तेव्हा सोफ्यावर ती काही बोलली नाही. तिचे वडील म्हणाले, "क्या बात है, सर."

सरांनी बटण दाबलं. पत्र गेलं.

मग सर जाळीच्या दाराशी आले. "झालं का गं? वा, मोठी आहे. तुझंही करून टाकू. आज जरा पाहुणे आहेत."

मी म्हटलं, "थँक यू, सर."

हातात मरळीचं आतडं होतं. आणि मी थँक यू म्हटलं.

*

सुरुवात आमच्याच घरातून झाली होती. हे सांगायला हवं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. चोरखमाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे, गावाला तलाव आहे आणि त्या तलावावर आमची घरं चालतात. आमच्याकडे कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातांनी जात नाहीत. मग तो सोयरा असो, डॉक्टर असो की तलाठी. पानात बांधून झिंगे नेतात, नाही तर एखादा रोहू. त्यात लाचारी नसते. आमच्या पाण्यातलं तुमच्या घरी आलं, आता आपली ओळख झाली, इतका साधा अर्थ. समोरचाही मग कधी वांगी देतो, कधी नुसता चहा पाजतो.

सरांनी शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं, त्या दिवशी मायला खूप आनंद झाला. परदेशातल्या एका विद्यापीठात तळ्यांचा आणि नद्यांचा अभ्यास शिकवतात. फी माफ, राहणं माफ, निवड झाली तर. अर्जात तीन शिक्षकांची पत्रं लागत होती. दोन आली होती. एक माझ्या बी.एस्सी.च्या बाईंचं, एक तिरोड्याच्या जुन्या प्राचार्यांचं. तिसरं विभागप्रमुखांचंच हवं होतं, ज्यांच्या हाताखाली प्रकल्प केला त्यांचं. म्हणजे सरांचं. ते आल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नव्हता.

मायनं स्टीलच्या डब्यात झिंगे भरून दिले. "जाय, देऊन ये सराले. रिकामी नोको जाऊ."

मी दिले. सर खूश झाले. वांगी आली नाहीत, चहाही आला नाही. त्यात मला काही वाटलं नाही. शहरात रीत वेगळी असते, असं मी मनाला सांगितलं.

पण त्या डब्यानं एक गोष्ट झाली. सरांना माझं आडनाव आतापर्यंत हजेरीपुरतं माहीत होतं. आता ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे तलावावरचे तुम्ही! आधी बोलायचं ना."

त्यानंतर माझी प्रत्येक आठवण आणि त्यांची प्रत्येक मागणी जोडीनं चालायला लागली.

मी मेसेज करायची. एका मेसेजला अर्धा दिवस जायचा. लिहायची, खोडायची. रिस्पेक्टेड सर. सॉरी टु डिस्टर्ब यू. जस्ट अ जेंटल रिमाइंडर. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं. आवाज चढवायचा नाही, आधी माफी मागायची, मग मुद्दा, मग आभार. मी त्यात हुशार होते. मला मुळात बोलायची भीती वाटते, म्हणून लिहिण्यातला हा सगळा मऊपणा मला लवकर जमला. शाळेत माझ्या डब्यात मासे असले की बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. तेव्हाही मीच सॉरी म्हणायची.

सरांचं उत्तर यायचं. अंगठ्याचं चित्र. आणि खाली, "संडेला घरी ये, बघू. येताना मरळ मिळाली तर बघ."

मी जायची. तिरोड्याहून गाडी पकडायची, डबा मांडीवर. डब्याला प्लास्टिकच्या दोन पिशव्या, तरी बाजूची बाई नाकाला पदर लावायची. गोंदिया स्टेशनवरून ऑटो. पहिल्या वेळी पुढचं दार उघडलं. दुसऱ्या वेळी मॅडम खिडकीतून म्हणाल्या, मागून ये. मग मी स्वतःच मागून जायला लागले. कोणी सांगायची वाट न बघता. याच गोष्टीचा मला अजून राग येतो. त्यांच्यापेक्षा जास्त माझ्या पायांचा.

आधी मासे फक्त द्यायचे होते. मग साफ करून द्यायचे झाले. मग एकदा मॅडम म्हणाल्या, "आलीच आहेस तर हळद-मीठ लावूनच जा."

"सर, पत्राचं..."

"हो जाएगा बेटा. टेंशन कायको लेती हो?"

घरी आले की मी फोन उघडायची. अर्जाच्या पानावर तीन नावं दिसायची. दोन नावांसमोर हिरवी खूण. सरांच्या नावासमोर पिवळी. पेंडिंग. धानाच्या बांधीत रोवणीला उभी असले तरी चिखलाचे हात ओढणीला पुसून मी फोन बघायची. जेवताना बघायची. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. माय वैतागायची.

"काऊन वं, लिवलन का तुज्या सरानं?"

"नाही."

"मंग इचार ना त्याले. त्या फोनात का पाहून राहिली घडीघडी?"

"असं विचारत नसतात, माय. त्यांना राग येईल."

"आन तुले नाई येत का?"

मी पुन्हा फोन उघडला. तिला काय कळतं, असं वाटलं. अर्जाचं, पोर्टलचं, इंग्रजीचं तिला काही कळत नव्हतं, हे खरंच होतं. तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं.

*

आषाढ लागला की आमच्या तलावात कोणी जाळं टाकत नाही. मासे अंड्यावर असतात. तलावाच्या काठाला, पाळीवर, एक बांबू रोवतात आणि त्याला लाल फडकं बांधतात. म्हणजे पाणी बंद. नारळी पौर्णिमेनंतर फडकं उतरवतात. तोवर आमची माणसं रोवणीला जातात, रस्त्याच्या कामाला जातात, सडक अर्जुनीकडे ढाब्यांवर भांडी घासायला जातात, पण पाण्याला हात लावत नाहीत. कोणी लावला तर त्याला पुढच्या हंगामात जाळ्यात वाटा मिळत नाही. ते फडकं बांधायचं काम बाबांकडे आहे. त्यांच्या आधी आजोबांकडे होतं. सगळे ज्याचं ऐकतात असा माणूसच ते बांधतो. आमच्याकडे दुसरा कुठला मान नाही. हा आहे.

माझ्या प्रकल्पात या बंद पाण्यावर एक प्रकरण होतं. सरांनी ते वाचून वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आपल्या पूर्वजांकडे केवढं शहाणपण होतं बघा. अंड्यावरची मादी मारणं म्हणजे पुढची पिढी मारणं, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. मी शेवटच्या बाकावरून ते उतरवून घेतलं होतं.

अर्जाची मुदत राखीच्या आठवड्यात संपत होती. मी मेसेज केला. आणखी मऊ, आणखी लांब. उत्तर आलं.

"नक्की. या संडेला फायनल करू. आता अंडेवाली मिळत असेल ना? मॅडमला फार आवडते."

मी फोन बघत बसले. माय शेजारी होती. तिनं विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं. सांगायला नको होतं. बाबा ओसरीवर बसून वेळूच्या कमच्या सोलत होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी हातातली कमची खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव बांधीत होतं. मी पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी आणायला पाळीवरून चालले होते. पाऊस झिमझिम चालू होता. लाल फडकं भिजून बांबूला चिकटलं होतं. आणि त्याच्या खाली, गवतात, बाबांच्या चपला.

बाबा पाण्यात होते. छातीपर्यंत. खांद्यावर जाळं.

ते इतके हळू चालत होते की पाणी हलत नव्हतं. माझे बाबा त्या तलावात नेहमी गाणं म्हणत उतरतात. त्या दिवशी ते चोरासारखे उतरले होते. माझ्यासाठी.

माझ्या मागून आवाज आला. आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी, शेळ्या घेऊन आलेली. तिनं पाळीवरूनच हाक दिली.

"काऊन गा! तूच फडकं बांधलास अन् तूच जारं टाकून राहिलास का?"

बाबा थांबले. वर बघितलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "पोरीचं काम अडून राहिलं, आजी."

"तिचं अडलं म्हनून मच्छीचं पोट फाडतेस का?"

बाबा म्हणजे साऱ्या मोहल्ल्याची भांडणं मिटवणारा माणूस. मान खाली घालून तो पाण्यात उभा होता. ती मान मी ओळखली. सरांच्या मागच्या अंगणात मी तशीच मान घालून बसते.

मी पऱ्ह्यांची जुडी टाकली आणि पाण्याच्या कडेला गेले.

"बाबा, जाळं काढ."

"तू जाय बांधीत."

"काढ म्हणते ना. बाहेर ये."

"मंग पत्राचं?"

"मी बघते."

माझा आवाज म्हातारीनंही ऐकला. ती म्हणाली, "बाप्पा, बोलते का ही पोरगी!" तिनं मला आजवर बोलताना ऐकलंच नव्हतं.

बाबा बाहेर आले. जाळं खांद्यावरच होतं, टाकलंच नव्हतं. त्यांनी चपला हातात घेतल्या.

*

मी रविवारी गेले नाही. सोमवारी गेले, घरी नाही, कॉलेजात. पुढच्या दारानं. विभागात सर बसले होते, आणखी दोन प्राध्यापक, आणि तासिकेवर शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम. चहा चालला होता.

सरांनी माझे हात बघितले. आधी हात, मग चेहरा.

"अरे! आमची तलावाची राणी आज रिकाम्या हातांनी?"

बाकीचे हसले. त्यांना नीट माहीत नसावं, पण सर हसले की ते हसतात. तासिकेवरच्या मॅडम कपात बघत राहिल्या.

मी वाक्य गाडीत पाठ केलं होतं, इंग्रजीत. तोंडातून मराठीत आलं.

"सर, पाणी बंद आहे."

"कोणतं पाणी?"

"आमच्या तलावाचं. मासे अंड्यावर आहेत. तुम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं."

सरांनी कप खाली ठेवला. "अरे बेटा, मजाक था वो."

"मी तुमच्याकडे पाच महिने येते आहे, सर. मागच्या दारानं. मासे साफ करून देते. त्यातलं काय काय मजाक होतं?"

आता त्यांचा चेहरा बदलला. आवाज उतरला, शांत झाला. मोठी माणसं चिडली की शांत होतात.

"हे बघ. शिफारस मागायला आलीस ना? ही मागायची पद्धत आहे का? मी पत्रात तुझ्या स्वभावाबद्दलही लिहू शकतो. कळतं ना?"

कळत होतं. सगळं कळत होतं. ते पत्र मला दिसणार नव्हतं, ते त्यांच्याकडून थेट तिकडे जाणार होतं. मी जन्मभर त्या पत्राची भीती बाळगू शकले असते.

"सर, लिहिणार आहात की नाही, एवढंच सांगा."

"बघू. वेळ मिळाला तर."

"मग मी तुमचं नाव काढते."

मी तिथेच फोन उघडला. पानावर तीन नावं. सरांच्या नावाशेजारी काढून टाकायची खूण होती. मी ती किती वेळा बघितली होती, तिला बोट कधी लावलं नव्हतं. दाबली. त्या पानानं विचारलं, खरंच काढायचं? मी हो म्हटलं. नाव गेलं. जागा रिकामी राहिली.

मी आभार मानले नाहीत. बाहेर आले.

जिन्यात तासिकेवरच्या मॅडम धावत आल्या. माझा हात धरला. "मी लिहिलं असतं गं. खरंच. पण त्यांना कळलं तर पुढच्या वर्षी मला तास मिळणार नाहीत."

"हो मॅडम," मी म्हटलं. त्यांचा हात थंड होता. त्याही कोणाच्या तरी मागच्या अंगणात बसल्या होत्या.

*

राखीचा आठवडा गेला. अर्ज अपूर्ण म्हणून बंद झाला. मिलवाल्यांची मुलगी गेली. विमानतळावरचा तिचा फोटो मी बघितला. माझ्या तलावाचं पाणी तिच्या पत्रात बसून गेलं.

मला रडू आलं नाही, असं नाही. पण ते रडून झाल्यावर मी मेसेज काढले. सरांचे सगळे. मरळ मिळाली तर बघ. झिंगे मोठे आण. अंडेवाली. सगळ्यांच्या छापील प्रती काढल्या आणि प्राचार्यांच्या नावे तक्रार लिहिली. मराठीत. एका पानात. त्यात सॉरी नव्हतं, कृपया नव्हतं. काय झालं ते होतं.

ऑफिसातल्या बाबूंनी ती वाचली आणि आजूबाजूला बघितलं. "कायले भानगडीत पडतेस? ठीक है, द्यायचीच तर नाव नको लिहू. निनावी टाक."

शाळेत असताना मी आडनावाचं फक्त पहिलं अक्षर लिहायची. वहीवर, परीक्षेच्या कागदावर, सगळीकडे. मुलींनी विचारू नये म्हणून.

मी पेन घेतलं. त्यांच्यासमोर पूर्ण नाव लिहिलं. माझं, बाबांचं, आडनाव. खाली गाव. मग पोच मागितली.

"पोच कशाला?"

"शिक्का द्या."

त्यांनी दिला. चौकशी अजून लागलेली नाही. लागेल की नाही माहीत नाही. मी दर सोमवारी जाते आणि विचारते. विचारताना आवाज मऊ करत नाही. बाबू म्हणतात, फिर आ गई. मी म्हणते, हो, आले.

यंदा आमच्या मोहल्ल्यातल्या दोन मुली त्याच कॉलेजात गेल्या. जायच्या आदल्या दिवशी एकीची माय झिंग्यांचा डबा भरत होती. रिकामं कसं पाठवायचं, असं म्हणत होती. मी तिच्या हातातून डबा घेतला. तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं. ही रीत आमची होती, चांगली होती, आणि ती आता मी त्या दारापुरती बंद केली आहे. पोरींना सांगितलं, पुढच्या दारानं आत जा. खुर्ची असेल तर बसा. काम सांगा, तारीख मागा. कोणी हाताकडे बघितलं तर हात मागे लपवू नका.

मी पुन्हा अर्ज करणार आहे. तिसऱ्या नावाच्या जागी कोण, ते अजून ठरलेलं नाही. ज्यांना विचारीन त्यांना एकदा विचारीन, मग स्पष्ट आठवण करून देईन, आणि नाही म्हणाले तर त्यांच्यासमोरच त्यांचं नाव काढीन. अर्ज हातचा गेला तरी चालेल. पुढच्या वर्षी पुन्हा करीन.

आषाढात बाबांनी यंदा बांबू रोवायला मला बोलावलं. फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हातारी पाळीवर शेळ्या घेऊन उभी होती, बघत होती. फडक्याची गाठ मी मारली. दोनदा ओढून बघितली. सुटली नाही.